एक पायरी खाली

बहरीनमधल्या तुबलीच्या आमच्या गॅरेजात एक सीट होती आणि तिच्यावर कोणी बसत नसे. कुठल्यातरी मोठ्या अमेरिकन गाडीची पुढची सीट. गाडी ठोकली, भंगारात गेली, सीट तेवढी शाबूत राहिली. तिला खालून अँगलची चौकट वेल्ड करून शेडमध्ये ठेवली होती. लाल रेक्झिन, हात टेकायला दांडा, बसलं तर माणूस आत रुतेल अशी मऊ. बाहेर उन्हानं डांबर पाघळायचं, आत आम्ही जेवणाच्या सुट्टीत जमिनीवर पुठ्ठे टाकून लोळायचो, आणि ही सीट रिकामी. तिच्यासमोर पुट्टीचा एक डबा उपडा घातलेला. त्या डब्यावर चाचा.

चाचा आमचे पेंटर. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. मी साताऱ्याकडचा, डेंटर. ठोकलेला पत्रा मी सरळ करायचा आणि त्यावर रंग चाचांनी चढवायचा, त्यामुळं माझी चूक सगळ्यात आधी त्यांच्या हाताला लागायची. डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "सातारकर, तुझा एक घाट राहिलाय इथं." नावानं त्यांनी कधी कुणाला हाक मारली नाही. नाव आईबापांनी ठेवलेलं, ते आपण कशाला झिजवायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बोली किनाऱ्याची होती, ती मला कागदावर उतरवता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी माझ्या बोलीत लिहितो. नाव लिहीत नाही. झिजायला नको.

आज ते आठवायचं कारण, माझ्या घरात पण एक जागा रिकामी आहे. बायको जाऊन वर्ष होत आलं. मुलानं नवा ओटा बांधून दिला होता, पण तिला उभ्यानं स्वयंपाक जमला नाही कधी. गॅस खाली ठेवायची आणि बुटक्या लाकडी स्टुलावर बसून भाकऱ्या थापायची. ते स्टूल अजून तिथंच आहे. सूनबाई त्यावर बसत नाही. मुलगा म्हणाला, आप्पा, स्टूल माळ्यावर टाकू का. मी म्हटलं, तुलाच टाकीन माळ्यावर. तर तिच्या जागेवर बसायचं कुणी, हा आमच्या घरात सध्या प्रश्न आहे. आणि असल्या प्रश्नातला जगात एकच जाणकार माणूस मला माहीत होता.

सीट त्यांच्या उस्तादाची. उस्ताद पेशावरकडचा, दांडगा माणूस. त्यानं चाचांना रंग शिकवला आणि शिकवताना पुष्कळ बडवलं. मी बहरीनला जायच्या आधीच तो सलमानियाच्या हॉस्पिटलात वारला. तेव्हा अरबाब, म्हणजे आमचा मालक, चाचांना म्हणाला, "खलास, आता उस्ताद तू. बस त्या सीटवर." चाचा डब्यावर बसले.

"तो डबा आधी कुणाचा?" मी नवा होतो तेव्हा विचारलं.

"माझाच."

"मग उस्ताद झाल्यावर बदललं काय?"

"काहीच नाही," चाचा म्हणाले. "तेच तर सांगतोय तुला."

मग त्यांनी सांगितलं. पैगंबरांच्या मशिदीत बोलायला बसायची एक बैठक होती, तिला तीन पायऱ्या. पैगंबर सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचे. ते गेले. मागं राहिलेल्या लोकांनी त्यांच्या जागी एक माणूस निवडला, तो पहिला खलिफा. तो वर चढला नाही, मधल्या पायरीवर बसला. तो गेला, दुसरा आला, तो आणखी एक पायरी खाली बसला. "खलिफा म्हणजे कोण? राजा नाही. पैगंबर तर नाहीच नाही. गेलेल्या माणसाच्या मागं घर चालवणारा. ज्याची जागा भरून निघत नाही, त्याच्या जागेची राखण करणारा. म्हणून त्यानं एक पायरी खाली बसायचं."

"आणि तिसरा कुठं बसला?" मी विचारलं. पायऱ्या संपल्या होत्या.

"चहा थंड होतोय तुझा," चाचा म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचं. पहिल्या दोघांबद्दल विचारलं तर त्यांना सगळं पाठ. पहिला खलिफा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कापडाचा गठ्ठा खांद्यावर टाकून बाजारात विकायला निघाला, कारण पोट कोण भरणार. लोकांनी वाटेत धरून परत आणला. दुसरा स्वतःच्या पाठीवर पिठाचं पोतं घेऊन एका उपाशी बाईच्या घरी गेला. नोकर म्हणाला मी उचलतो, तर म्हणाला, कयामतच्या दिवशी माझं ओझं तू उचलशील का? ही गोष्ट सांगून झाली की चाचा मेसच्या पिठाचं पोतं स्वतः उचलायचे आणि पुढं दोन दिवस कमरेला पट्टा बांधून फिरायचे. चौथ्यापर्यंत गाडी नीट चालायची. त्याच्यापुढं विचारलं की हात हलवायचे. "मग गर्दी झाली. बाप गेला की मुलगा, मुलगा गेला की त्याचा मुलगा. नाव खलिफा, काम राजाचं."

आणि त्यांना प्रत्येक गोष्टीला खलिफा लागायचा. नळ गळाला की विचारायचे, "या नळाचा खलिफा कोण?" कॉम्प्रेसरला एक, संडासच्या बल्बला एक. नेमायचा म्हणजे नुसतं सांगून भागत नसे. त्या माणसाच्या हातात प्रत्येकानं हात देऊन कबूल करायचं, कारण खलिफा तसाच होतो, लोकांनी हात दिल्यावर. संडासच्या बल्बसाठी आम्ही सात माणसं ओळीनं हात देत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. अरबाबच्या कानावर हे गेलं, तेव्हा तो म्हणाला, हा शब्द म्हणजे या देशात राजघराण्याचं नाव आहे, शेडच्या आत बोला, रस्त्यावर ओरडू नका. चाचांनी ते मानलं. रस्त्यावर ते नुसतं "तो" म्हणायचे. "अरे, गेटच्या कुलपाचा तो कोण?"

कुणी रजेवर गावी गेला की त्याच्या खाटेला खलिफा. त्यानं खाटेवर झोपायचं नाही, नुसती धूळ झटकायची आणि चादर वेळेवर धुवायची. मी एकदा रजेवर गेलो तेव्हा माझ्या खाटेचा खलिफा आमचा मलबारी इलेक्ट्रिशियन होता. परत आलो तर चादर इस्त्री केलेली, उशाशी बुद्धाची तसबीर पुसून ठेवलेली, बायकोचा फोटो पुसलेला. लोणच्याची बरणी मात्र धुऊन पालथी.

"खराब हो जाता था, सातारा भाई," मलबारी म्हणाला.

"मीठ लावलेलं लोणचं दोन महिन्यांत खराब?"

"मेरे को ऐसा लगा."

चाचांनी निकाल दिला. खलिफानं खजिन्याला हात लावायचा नाही. मलबाऱ्यानं त्याच्या आईच्या हातचं लोणचं मागवून माझी बरणी भरायची. ती आली, मी खाल्लं, कानातून धूर निघाला. शिक्षा कुणाला झाली ते मला अजून कळलेलं नाही.

पण चाचांचा सगळ्यात मोठा जाच म्हणजे पंखा. दुसरा खलिफा म्हणे एकदा सरकारी दिव्याखाली काम करत बसला होता. कुणी ओळखीचा आला आणि घरच्या गोष्टी बोलायला लागला, तसा त्यानं फुंकर मारून दिवा विझवला. का, तर तेल रयतेचं आणि गप्पा घरच्या. ही गोष्ट चाचांना फार लागलेली. शेडमधला मोठा पंखा अरबाबच्या विजेवर चालायचा. म्हणून कामाचं बोलणं चाललं असेल तरच पंखा चालू. कुणी घरचं काढलं की चाचा डब्यावरून उठणार आणि बटण बंद करणार. बहरीनच्या ऑगस्टात.

मलबाऱ्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. तो हौसेनं सांगायला लागला, पंखा बंद.

"चाचा, शादी है, कोई मरा नहीं है."

"शादी तुझ्या घरची, वीज अरबाबची."

परिणाम असा झाला की जून ते सप्टेंबर आमच्या गॅरेजात कुणाला घरदारच नसायचं. सगळे डेंट आणि पुट्टीवर बोलायचे. हिवाळा लागला की एकेकाच्या घरातली चार महिन्यांपूर्वीची बातमी कळायची.

पुढं पुण्याचे एक साहेब आमच्याकडे इंजिनिअर म्हणून आले. तरुण, शिकलेले, घरची मंडळी पुण्यात, म्हणून आमच्याच मेसमध्ये जेवायचे. पहिल्याच दिवशी आले आणि सरळ त्या लाल सीटवर बसले. आमचे घास तोंडातच राहिले. चाचा त्यांच्याकडं बघत डब्यावर बसून राहिले, आजारी माणसाकडं बघतात तसे. मलबाऱ्यानं साहेबांच्या कानात सांगितलं, तसे साहेब टुणकन उठले. मग चाचांनी त्यांना पायऱ्यांची गोष्ट सांगितली. साहेबांनी नीट ऐकून घेतली.

"म्हणजे चाचा, उस्ताद सीटवर, तुम्ही डब्यावर. तुमच्या मागून येणारा जमिनीवर?"

"बरोबर."

"आणि त्याच्या मागून येणारा?"

साहेबांनी मान वळवली. आमच्या गॅरेजात गाडीच्या खाली उतरून काम करायचा एक खड्डा होता, तेलानं काळा झालेला. साहेब म्हणाले, "त्या खड्ड्यात. आणि त्याच्यानंतरच्यासाठी विहीर खणायला लागेल."

आम्ही हसलो. सगळ्यात जास्त चाचा हसले. हसता हसता खोकला लागला आणि तो थांबेना.

साहेब पुस्तकं वाचलेले होते. त्यांनी सांगितलं की दिव्याची गोष्ट दुसऱ्या खलिफाची नव्हे, पुष्कळ काळानंतर त्याच नावाचा आणखी एक झाला, त्याची. चाचा म्हणाले, "नाव तेच ना? मग दिवा पण तोच." एकदा जेवताना साहेब म्हणाले, शेवटचा खलिफा तुर्कस्तानात होता, त्याला काढून देशाबाहेर घालवला, तेव्हापासून ती जागा रिकामीच आहे. चाचांनी हातातला घास परातीत ठेवला.

"मला माहीत आहे. ती बातमी गावात आली तेव्हा माझा आजा जेवला नव्हता म्हणतात. पण माणूस जेवत असताना हे सांगायचं नाही, साहेब."

"चुकलो, चाचा."

"जेवा आता. जागा रिकामी राहिली म्हणून भात थंड करायचा नसतो."

परातीचं सांगायचं राहिलं. आमची मेस म्हणजे चाचा. स्वयंपाक ते करायचे, बाकीच्यांनी भाज्या चिरायच्या, भांडी घासायची, आणि एका मोठ्या परातीभोवती आठ जणांनी बसायचं. माझ्या आज्याला गावात पाणी वरून ओंजळीत ओतायचे. मी त्या परातीत मुसलमानाच्या, ख्रिश्चनाच्या आणि पुण्याच्या ब्राह्मण साहेबांच्या हाताला हात लावून जेवलो, आणि कुणाचं काही बुडालं नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या खोल्यांत मी पाहिलं होतं. मेस मोडली की आठ माणसांचे आठ स्टोव्ह होतात. आणि स्टोव्ह वेगळे झाले की कुणाच्या हातचं कोण खातो, हे सगळं गाव मागनं चालत येतं.

म्हणून चाचांना डॉक्टरनं घरी जायला सांगितलं, तेव्हा मला पहिली भीती परातीची वाटली. तो खोकला हसण्याचा नव्हता. इतकी वर्षं तोंडाला नुसता ओला टॉवेल बांधून रंग मारला, तो रंग आत जाऊन बसला होता. सलमानियाचे डॉक्टर म्हणाले, आता रंगाचा वास पण नको. अरबाबनं व्हिसा कॅन्सल करायला घेतला आणि महिन्याभरात जायचं ठरलं.

आता चाचांच्या जागी कोण? गॅरेजातला रंग बघायला अरबाब नवा माणूस आणणार होता. प्रश्न मेसचा होता. आणि मेसमध्ये चाचांचा सख्खा भाचा होता.

भाचा तिशीचा, अंगानं पैलवान, कामात पाहुणा. स्वयंपाक म्हणाल तर एकदा त्यानं भांड्याची पावडर टाकून तांदूळ धुतले होते, स्वच्छ व्हावेत म्हणून. त्या दिवशी भाताला फेस आला होता. पण तो मनात धरून बसला होता की मामूची जागा आपलीच. गावाहून चाचांच्या बहिणीनं फोनवर सांगितलं होतं, भाऊ, तुझ्या जागी माझा मुलगा बसला पाहिजे, नाहीतर मला तोंड दाखवू नकोस. चाचा बहिणीच्या जिवावर वाढलेले. ते त्यांनी मला सांगितलं, आणि सांगण्याआधी पंखा बंद केला.

"मग द्या त्याला," मी म्हटलं. "घरातला आहे."

"घरातला की निवडलेला, यावरून जगात केवढं झालं ते तुला माहीत नाही. या देशात दोन्हीकडची माणसं, शिया आणि सुन्नी, शेजारी शेजारी राहतात, दोघांच्या घरी मी जेवलोय. त्यांचं ते बघतील, मी तिथं तोंड उघडत नाही. पण माझ्या मेसचं काय करू? आयुष्यभर सांगत आलो, लोकांनी हात द्यावा लागतो. आता माझ्यावर आली तर भाच्याला बसवू? आणि नाही बसवला तर बहिणीच्या दारात कसा जाऊ?"

घामानं बनियन अंगाला चिकटलं होतं. मी म्हटलं, "आधी पंखा लावा."

शेवटी त्यांनी तोड काढली. दुसरा खलिफा मरायला टेकला तेव्हा त्यानं सहा माणसं नेमली होती आणि सांगितलं होतं, तुमच्यातून एक ठरवा. तसंच करायचं. चाचा त्यात नाहीत. मी म्हटलं, माझा शुक्रवारी बायकोला फोन असतो, मी पण नाही. उरले बरोबर सहा. साहेब, भाचा, मलबारी आणि आणखी तिघं. शुक्रवारची नमाज झाली की शेडखाली बसायचं, आणि ठरेपर्यंत चूल पेटणार नाही.

"पहिला खलिफा पण असाच एका मांडवाखाली ठरला," चाचा म्हणाले. "आरडाओरडा पण असाच झाला होता."

मी शहरात, बाब अल बहरीनच्या चौकात गेलो. तिथं रांगेत उभं राहून कार्डवर फोन लावायचा. गावात बायको एसटीडीवाल्याच्या दुकानात येऊन बसलेली असायची. त्या दिवशी आमचं बोलणं पोरांच्या शाळेवर आणि म्हशीवर झालं. तिकडं मेसमध्ये काय चाललं होतं ते मला नंतर मलबाऱ्यानं सांगितलं. भाचा म्हणाला, मी घरातला. मलबारी म्हणाला, तुझ्या भाताला फेस येतो. एकानं काढलं की दोन खलिफा करा, एक मटणाचा, एक भाजीचा. चाचा बाहेर डब्यावर बसले होते, तिथून ओरडले, "हे पण तेव्हा बोलून झालंय. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत." साहेब म्हणाले, मतदान घेऊ. मत घेतलं तर प्रत्येकानं स्वतःला दिलेलं. चूल बंद. दुपार टळली. सहा माणसं एकमेकांकडं बघेनात.

मी बसमधून उतरलो तेव्हा मलाच सपाटून भूक लागली होती. माझ्या मनात आलं, सहा शहाणे एका जागी बसलेत, म्हणजे आज कुणी काही शिजवलेलं नसणार. कोपऱ्यावरच्या भट्टीतून आठ गरम खुबूस, तिकडच्या रोट्या, घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, आणि शेडमध्ये शिरलो.

वास आधी पोचला असावा. भाचा उठला. मला वाटलं मारतो की काय. त्यानं एका हातानं माझ्या काखेतलं पुडकं काढून घेतलं आणि दुसऱ्या हातानं माझा हात धरला.

"हा," तो म्हणाला. "माझा हात याला."

मग रांगच लागली. मला काही कळेना. चाचा बाहेरून खोकत आत आले, त्यांनी पाहिलं की पहिला हात भाच्यानंच दिलाय, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, एका गाडीचा न जुळणारा हिरवा रंग जुळला तेव्हा.

"चाचा, मी तुमच्या धर्माचा नाही," मी म्हटलं.

"डाळीला विचारून ये. तिला चालत असेल तर आम्हाला चालतं."

"मला स्वयंपाक येत नाही."

सगळे खात होते.

पुढच्या शुक्रवारी मी बायकोला सांगितलं. ती इतकी हसली की एसटीडीवाल्यानं तिला पाणी दिलं.

"आवं, घरात तुमाला कधी चा करता आला न्हाय, आन तितं आठ जनांचं राज्य?"

"हसू नको. आमटी कशी करायची ते सांग."

"पानी किती घालता?"

"अंदाजानं. डोळ्यानं."

"मग डोळं धुऊन घाला जरा. लिवून घ्या."

तिनं आमटी सांगितली. मग वांग्याचं, मग पिठलं. अशी ती मेस आठवड्याला एक पदार्थ शिकत गेली, आणि शिकवणारी बसली होती साताऱ्याकडच्या एका गावात, काचेच्या खोक्यात, रिसीव्हर धरून. चाचा जायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत मी तीन भाज्या जाळल्या आणि दोन जमवल्या. एकदा हे सगळं सांगून झाल्यावर मी तिला चाचांची खलिफाची गोष्ट पण सांगितली, हात देण्याची. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी तितं गेल्यापास्नं हितं तुमच्या जागंवर म्या बसलीया. शेत बगते, पोरं बगते, तुमच्या आयचं बगते. मला कुनी दिला का हात?"

हे मी शेडमध्ये चाचांना सांगितलं. म्हटलं, बघा आमच्या घरातली कशी बोलते. मी हसत होतो. चाचा हसले नाहीत. उठले आणि पंखा बंद केला.

शेवटच्या शुक्रवारी ते माझ्याबरोबर बाब अल बहरीनला आले. खोकत, थांबत, अंगात पायघोळ अरबी थोब इस्त्रीचा, डोक्याला टोपी. मला वाटलं, गावी न्यायला काही खरेदी असेल. बूथमध्ये दोन माणसं मावत नाहीत, पण ते आत घुसले. माझं बोलणं सुरू झालं तसा त्यांनी रिसीव्हर काढून घेतला.

"बहिणी," चाचा म्हणाले, "मी तुझ्या माणसाबरोबर काम करतो. तू त्याच्या जागेवर बसलीस, त्याचा हात राहिला होता. तो मी देतोय." आणि खरोखर उजवा हात पुढं केला. बूथच्या काचेला तो लागला. मागं रांगेतले बंगाली आणि फिलिपिनो बघत होते की हा म्हातारा कुणाला हात देतोय. "मी दिला, आता हा देतोय," म्हणून त्यांनी माझं मनगट धरून माझाही हात काचेला लावला.

तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं, ती फोनवर ओरडूनच बोलायची.

"हात ऱ्हाऊ द्या, भाऊ. त्यास्नी म्हनावं, हळद जाळू नका."

चाचांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ऐकलंस? हुकूम आहे."

जायच्या दिवशी सकाळी त्यांची बॅग दोरी बांधून गेटजवळ ठेवली होती. शेवटचा चहा शेडमध्ये. चाचा डब्यावर. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो, कारण आता माझी पायरी तीच होती. चाचांनी काही घरचं बोलायला तोंड उघडलं, तसा मीच उठलो आणि पंखा बंद केला. ते खूश झाले.

"तिसऱ्याचं विचारलं होतंस तू," ते म्हणाले. "कुठं बसला ते."

"तुम्ही चहा दाखवला होता."

"तो परत वर चढला. सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसला. लोक बोलले असतील. मला पण ते पटायचं नाही, म्हणून मी सांगत नव्हतो. पण साहेबांनी तो खड्डा दाखवला, तेव्हापासून मी विचार करतोय. सगळेच उतरत गेलो तर एक दिवस खड्ड्यातनं बोलायला लागेल, आणि खड्ड्यातल्या माणसाचं कुणाला ऐकू येतं? आठ माणसांना वाढायचंय तुला. जमिनीवरून हात पोचणार नाही." ते डब्यावरून उठले. "मी एक पायरी उतरलो, तेवढी दोघांना पुरे. बस."

"आणि सीट?"

"सीटवर बसलास तर गावाहून येऊन मारीन."

मी डब्यावर बसलो. चाचा उभेच होते. पंखा बंद, दोघं घामानं निथळत होतो, त्यामुळं एकमेकांकडं बघायला अडचण आली नाही. बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला. यल्ला, चला, म्हणाले, आणि गेले. पुढं मी होतो तोवर मेस मोडली नाही. हळद पुष्कळ वेळा जळाली.

चाचा नंतर फार वर्षं राहिले नाहीत, असं भाच्यानं सांगितलं. मी गावी कायमचा आलो तेव्हा बायकोनं पहिल्या दिवशी मला आमटी करायला लावली. चाखली, आणि म्हणाली, "फोनवर बरी लागायची." त्यानंतर मला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. तिची जागा तिची.

ती गेल्यावर तेराव्या दिवसापासून आमटी मी करतो. कुणी सांगितलेलं नाही. गॅस खालीच ठेवतो आणि स्टुलाच्या शेजारी जमिनीवर बसतो, एक पायरी खाली. बसणं जमतं. उठणं जमत नाही. गुडघे आता माझे राहिलेले नाहीत. आमटी झाली की मी हाक मारायची, मग सूनबाईनं एका बाजूनं आणि मुलानं दुसऱ्या बाजूनं धरून मला पोत्यासारखं उभं करायचं, हा रोजचा कार्यक्रम. परवा मुलगा कामावर गेलेला. सूनबाई एकटी, ओढून ओढून दमली. अर्ध्यात आम्ही दोघंही खाली बसलो. ती हसायला लागली, मला राग आला, आणि तेवढ्यात आमटी उतू गेली, कारण गॅसच्या बटणापर्यंत माझा हात पोचेना.

"आप्पा," ती म्हणाली, "आत्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

काय म्हणाली असती ते मला चांगलं माहीत आहे. इथं लिहिण्यासारखं नाही.

आज सकाळी मी स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं आणि बसलो. छान उंचीचं आहे. सगळीकडं हात पोचतो. तेल तापलं, मोहरी तडतडली, हळद टाकली आणि लगेच पाणी घातलं.

जळाली नाही.